नाट्यपंढरीत ढोलकी कुठंय?

संपादक साहेब,
५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन आला की आमच्या नाट्यपंढरी सांगलीत विष्णुदास भाव्यांची आठवण निघते, १८४३ चं त्यांचं सीता स्वयंवर नाटक वगैरे, छानच आहे, पण आमचे नाटकाचे सर नेहमी म्हणायचे की तमाशाचे शाहीर पठ्ठे बापूराव पण याच जिल्ह्यातले, रेठरे हरणाक्षचे, लोकशाहीर अण्णा भाऊ साठे वाटेगावचे, त्यांना का विसरता? सरांनी आम्हाला संवाद पाठ करायच्या आधी गण, गवळण, बतावणी हे तमाशाचे भाग शिकवले. पालक भडकले, पोरांना तमाशा शिकवता म्हणून! सर नुसते हसले. सोंगाड्याला, म्हणजे तमाशातल्या विनोदी नटाला, स्क्रिप्ट नसते, समोरची माणसं बघून बोलायचं असतं, ते वर्कशॉपमध्ये येत नाही म्हणायचे (मला तर अजून जमत नाही). सर गेले तेव्हा पेपरात चार ओळी आल्या, त्यात तमाशाचा शब्द पण नव्हता.

- त्यांचा एक विद्यार्थी, सांगली