कॅम्पोपर्यंत सोडायला आलेल्या काकूंना

प्रिय काकू,

साष्टांग नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. पॅसिफिक क्रेस्ट ट्रेलला, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या लांबलचक पायवाटेला, यायचं मनात असलेल्या पुण्याकडच्या मुली मला सारखं विचारतात, एकटीनं कसं जमवलंस? एकटीनं जमवलंच नाही, हे एकदा सांगून टाकते.

मेक्सिकोच्या हद्दीपासून कॅनडापर्यंत सुमारे ४,२६५ किलोमीटर. दक्षिणेच्या टोकाहून लांब पल्ल्यासाठी दिवसाला ५० जणांनाच परमिट मिळतं. परमिट, व्हिसा, विमानाचं तिकीट हे सगळं घरबसल्या होतं. खरं अडतं ते खाण्यापाशी. वाटेत पोस्टात किंवा दुकानात खोकी पाठवून ठेवावी लागतात आणि ती वेळेवर टाकायला अमेरिकेत आपलं कुणीतरी असलं तर फार बरं पडतं. माझं तिथं कुणीच नव्हतं. मैत्रिणीच्या आत्येच्या ओळखीतून तुमचा सॅन डिएगोचा नंबर मिळाला. इतक्या लांबच्या ओळखीवर लोक चहाला बोलावतात, तुम्ही चार दिवस ठेवून घेतलंत!

तुमच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर माझी सॅक पालथी झाली तो प्रसंग मी इथे प्रत्येकाला ऐकवते. तुम्ही डिजिटल काटा घेऊन मांडी घालून बसलात. एकेक वस्तू काट्यावर. जाड टॉवेल बाहेर, स्टीलचा डबा बाहेर, चांगला कुडता उचलून "लग्नाला चाललीस का गं?" आणि तोही बाहेर. मग रिकाम्या झालेल्या जागेत तुम्ही पाणी भरायला लावलंत. सहा लिटर, म्हणजे चक्क सहा किलो! मी कुरकुरले. सह्याद्रीत गडावर टाकं असतं, नाहीतर पायथ्याच्या गावात कुणीतरी हंडा पुढे करतंच. कॅम्पो, म्हणजे ट्रेल जिथे सुरू होते ते गाव, ते लेक मोरेना हे पहिले ३२ किलोमीटर तसे नाहीत. मधला ओढा कोरडा होता. लेक मोरेनाला पोचले तेव्हा बाटलीत जेमतेम दोन घोट उरले होते.

आणखी एक. घरातल्या, ऑफिसातल्या प्रत्येकानं मला "भीती नाही वाटत?" असं विचारलं होतं. तुम्ही विचारलंत, "पाय रोज किती वाजता सुजतात? बूट अर्धा नंबर मोठा घेतलास ना?" त्यानं मला जेवढा धीर आला, तेवढा कुठल्याच शुभेच्छांनी आला नव्हता. पहाटे अंधारात गाडी काढून कॅम्पोला आलात, ट्रेलच्या सुरुवातीच्या त्या लाकडी खांबांपाशी माझा फोटो काढलात आणि रडारड न करता निघालात, तेही बरं केलंत.

वॉर्नर स्प्रिंग्जच्या पोस्टात खोकं वेळेवर मिळालं. जाडे पोहे, सुकं खोबरं, शेंगदाण्याची चटणी. गरम पाणी ओतलं की जेवण तयार. आता केनेडी मेडोजला, ११३० किलोमीटरवर, दुसरं खोकंही हातात आहे. इथून सिएरा नेवाडाचे उंच डोंगर सुरू होतात, म्हणून खाणं अस्वलाला उघडता येणार नाही अशा टणक डब्यात कोंबायचंय. वास येणारं सगळं त्यातच घालायचं असतं, टूथपेस्टसुद्धा. तुमच्या मेतकुटाला सगळ्यात आधी जागा दिली. हिंगाचं अस्वलाला काय वाटतं कोण जाणे!

पोस्टाचे पैसे किती झाले ते दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तुम्ही विषय बदललात. आता तरी आकडा कळवा. नाहीतर दिवाळीला आईच्या हातचा फराळ येईल, आणि तो परत घेतला जाणार नाही.

तुमची,
केनेडी मेडोजहून