रेकॉर्डिंगसाठी गेमिंगचा संगणक कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निकालांनंतर संगणक खरेदीची लगबग सुरू होते, त्या निमित्ताने कोणत्या अभ्यासक्रमासाठी कोणता संगणक घ्यावा याचे मार्गदर्शन आपल्या पुरवणीत नुकतेच वाचले. अभियांत्रिकी, वास्तुरचना, व्हिडिओ संकलन या सर्वांचा त्यात विचार होता. घरच्या घरी गाणे-बजावणे ध्वनिमुद्रित करणाऱ्यांचा मात्र उल्लेखही नव्हता. विष्णु दिगंबर पलुस्करांचा आश्रम ज्या पंचवटीत होता, तिथे मी गेली अनेक वर्षे तबला शिकवतो आणि आता वर्गातली दोन-चार मुले तरी स्वतःचे रेकॉर्डिंग स्वतः करताना पाहतो, म्हणून हे पत्र.

माझ्या एका विद्यार्थ्याचे वडील दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग करतात. हंगामाचे पैसे हाती आल्यावर त्यांनी शहरातल्या एका दुकानात जाऊन ‘रेकॉर्डिंगचा भारी कॉम्प्युटर’ मागितला आणि दुकानदाराने सव्वा लाखाचा गेमिंगचा संगणक त्यांच्या गळ्यात मारला. काचेच्या झाकणाआड लाल-निळे दिवे, महागडे ग्राफिक्स कार्ड आणि पाच पंखे असे ते प्रकरण होते. माइक आणि तो संगणकाला जोडणारी पेटी, म्हणजे ऑडिओ इंटरफेस, घ्यायला पैसे उरले नाहीत, तेव्हा मुलाने मोबाइलच्या इअरफोनचाच माइक लावून पहिला कायदा (तबल्यातली ठरावीक बोलांची रचना) ध्वनिमुद्रित केला. त्यात बायाँच्या, म्हणजे डाव्या हाताच्या डग्ग्याच्या, घुमाऱ्यापेक्षा संगणकाचे पंखेच अधिक ऐकू येत होते.

दुकानदाराने फसवले असे मी म्हणणार नाही. त्याला खेळ आणि रेकॉर्डिंग यांतला फरक ठाऊक नव्हता, इतकेच. ग्राफिक्स कार्ड पडद्यावरचे चित्र रंगवते, ध्वनीचे काम मात्र जवळजवळ सगळे मुख्य प्रोसेसरवर होते. त्यातही एका ट्रॅकवर, म्हणजे एका माइकच्या ध्वनिमुद्रणावर, आधी इक्वलायझर (खर्ज-तीव्र आवाजांचा तोल राखणारा), मग कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारा), मग रिव्हर्ब (दालनातला घुमारा देणारा) अशी साखळी लावली, की पहिल्याचे काम आटोपल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही, त्यामुळे ती संपूर्ण साखळी सहसा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे त्यातल्या एकाच गणनाघटकावर, चालते. म्हणूनच कोअर किती आहेत याच्या आधी एकेका कोअरचा वेग किती, हे विचारावे. रॅम सोळा जीबी असावी. सतार-सारंगीपासून ऑर्केस्ट्रापर्यंतच्या ध्वनिनमुन्यांचे मोठे संच वापरणाऱ्याने बत्तीस घ्यावी. साठवणुकीची धास्ती मात्र उगाच घातली जाते. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ध्वनीची ४८ हजार मोजमापे, म्हणजे सॅम्पल) आणि २४ बिट या दर्जाचा एक ट्रॅक मिनिटाला सुमारे ८.६ मेगाबाइट जागा घेतो, म्हणजे आठ ट्रॅकची तासाभराची मैफल चार जीबीच्या आसपास बसते. ५१२ जीबीची एसएसडी आणि दुसरी प्रत ठेवायला बाहेरची एक डिस्क, एवढ्यावर होतकरू कलाकाराचे सहज भागते.

खरी मेख आहे ती विलंबाची, ज्याला रेकॉर्डिंगवाले ‘लेटन्सी’ म्हणतात. संगणक ध्वनी सलग न घेता छोट्या छोट्या घासांनी घेतो. त्या घासाला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर ठेवला तर एक घास २.७ मिलिसेकंदांचा होतो आणि १०२४ चा ठेवला तर २१ मिलिसेकंदांचा. आवाज आत जाताना आणि बाहेर येताना असा दोनदा हा विलंब लागतो, म्हणजे मोठ्या बफरला चाळीसहून अधिक मिलिसेकंद झाले. स्वतःचाच आवाज हेडफोनमध्ये इतका उशिरा आला की गाणाऱ्यालाही अवघडल्यासारखे होते, मग तबलजीचे काय होत असेल ते पाहा. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत तीनतालात एका मात्रेत चार बोल वाजवले, तर दोन बोलांमध्ये जेमतेम साठ मिलिसेकंदांचे अंतर राहते. तिथे चाळीस मिलिसेकंद उशिरा आलेला ‘तिर’ थेट पुढच्या ‘किट’च्या अंगावर आदळतो. बफर लहान करावा तर प्रत्येक घास वेळेत संपवणे प्रोसेसरला भाग पडते आणि तो चुकला की ‘टक्’ असा आवाज कायमचा ट्रॅकमध्ये बसतो.

हा विलंब संगणकाच्या किमतीपेक्षा ड्रायव्हरवर, म्हणजे इंटरफेस आणि संगणक यांचा मेळ घालणाऱ्या सॉफ्टवेअरवर, जास्त अवलंबून असतो, हे मलाही उशिरा कळले. विंडोजवर स्टाइनबर्ग कंपनीच्या ‘एझिओ’ (ASIO) पद्धतीचा, इंटरफेसच्याच कंपनीने दिलेला ड्रायव्हर असणे महत्त्वाचे. मॅकमध्ये ‘कोअर ऑडिओ’ ही सोय मुळातच असते. मात्र ज्याला तयार ट्रॅकवर फक्त गायचे आहे, त्याने इंटरफेसवरचे ‘डायरेक्ट मॉनिटर’चे बटण दाबले की त्याचा आवाज संगणकात न जाताच कानात येतो आणि विलंबाचा प्रश्नच मिटतो. शिवाय साध्या यूएसबी २.० ची क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट असते, तर आठ ट्रॅकना दहासुद्धा लागत नाहीत. तेव्हा वेगवान पोर्टच्या नावाखाली जास्तीचे पैसे मोजू नयेत.

तानपुऱ्याची जवारी किंवा आलापातला मंद्र षड्ज टिपायला कंडेन्सर हा अतिसंवेदनशील माइक लावला, की तो छताच्या पंख्यापासून गल्लीतल्या रिक्षापर्यंत सारे टिपतो. छताचा पंखा आपण एप्रिलच्या उकाड्यातही बंद करतो, पण संगणकाचा कसा करणार? त्या दृष्टीने पंखाच नसलेला मॅकबुक एअर माझ्या खोलीत फार सोयीचा ठरला आहे. त्याची रॅम पुढे वाढवता येत नाही, एवढे मात्र घेतानाच लक्षात ठेवावे लागते. विंडोजचा डेस्कटॉप घ्यायचा तर मोठा, संथ फिरणारा पंखा मागून घ्यावा आणि डबा माइकपासून जमेल तितका लांब, शक्य झाल्यास शेजारच्या खोलीत ठेवावा. जुन्या नाशकातल्या वाड्यांत आणखी एक अडचण येते. तिथे तीन पिनांचा सॉकेट दिसतो, पण तिसऱ्या पिनेमागे अर्थिंगची तारच नसते, आणि मग प्रत्येक ट्रॅकमध्ये विजेची ‘घूंऽऽ’ अशी गुणगुण येते. चार्जर काढून लॅपटॉप बॅटरीवर चालवल्यावर ती थांबली, तर संगणक बदलण्याआधी वायरमनला बोलवावे.

सॉफ्टवेअर आधी ठरवावे, यंत्र नंतर. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी लॉजिक प्रो फक्त ॲपलच्या मॅक आणि आयपॅडवर चालते, विंडोजवर नाही. रीपर विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालते आणि साठ दिवस वापरून पाहता येते.

दुकानदारांना माझी विनंती एवढीच, की रेकॉर्डिंगसाठी आलेल्या गिऱ्हाइकाला स्वतःचा इंटरफेस आणि हेडफोन लावून अर्धा तास यंत्र वापरून पाहू द्यावे, आणि तेवढा वेळ दुकानातली गाणी बंद ठेवावीत. आपल्या पुढच्या पुरवणीतही या विषयाला चौकटभर जागा मिळावी. त्या विद्यार्थ्याने ग्राफिक्स कार्ड विकून दोन माइकचा इंटरफेस घेतला आहे. डबा आता त्यांच्या स्वयंपाकघरात असतो आणि लांब तारा दाराखालून खोलीत येतात.

आपला,
एक तबलाशिक्षक,
पंचवटी, नाशिक