शेजारच्या वहिनींना, एका टोपड्याबद्दल

आदरणीय वहिनींस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या ज्येष्ठात, पाऊस नुकताच लागलेला असताना, मी गडगा ओलांडून तुमच्या पडवीत आलो आणि विणकाम शिकायचे तर दोन सुयांचे शिकावे की क्रोशाचे, म्हणजे टोकाला आकडा असलेल्या एकाच सुईचे, असे विचारले, तेव्हा तुम्ही हसला नाहीत, याबद्दल पहिले आभार. साठी उलटलेल्या निवृत्त मास्तराने लोकरीचे गुंडे छत्रीत लपवून आणावेत, ही गोष्ट हसण्याजोगी होतीच. मी ओशाळलेला पाहून तुम्ही एवढेच म्हणालात की, हर्णैच्या बंदरात जाऊन बघा, मासेमारी बंद असते त्या दिवसांत जाळी विणत बसलेले सगळे पुरुषच असतात. माझ्या ओळखीचे आणखी दोन निवृत्त गृहस्थ हल्ली हाच प्रश्न मला विचारू लागले आहेत, म्हणून हे आभार चारचौघांत मांडत आहे.

नातवंड येणार होते, ते निफाडला, जिथली थंडी आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला कल्पनेतही सोसत नाही. त्यासाठी स्वेटर आणि टोपडे स्वतःच्या हाताने करावे, एवढाच माझा हेतू होता. ज्यांना ज्यांना विचारले त्यांनी क्रोशे सोपे असे सांगितले, पण का सोपे ते कोणी सांगितले नाही. तुम्ही मात्र उत्तर दिलेच नाही. सुयांवर वीस टाके घालून दिलेत, सगळ्या ओळी सुलट विणायला लावल्यात, आणि सहाव्या ओळीला माझा एक टाका सुटून खालच्या पाच ओळींतून शिडीसारखा घसरत गेला, तेव्हा शांतपणे क्रोशाची सुई काढून तो एकेका पायरीने वर उचलून आणलात. माझ्या मते त्या एका हालचालीत सारा विषय आला. दोन सुयांच्या विणकामात ओळीतले सगळे टाके एकाच वेळी सुईवर जिवंत असतात, त्यामुळे एक निसटला तर खालचा आधारही सुटतो. क्रोशात एका वेळी एकच फास उघडा असतो, मागचे टाके पुरे होऊन बसलेले असतात. गॅसवरचे दूध बघायला उठायचे झाले तर क्रोशाचे काम कुठेही ठेवता येते, सुयांचे काम मात्र ओळ संपवून ठेवलेले बरे. उसवायचे तर क्रोशाचा दोरा हव्या त्या टाक्यापर्यंत ओढून पुन्हा सुई अडकवता येते. सुयांवर उसवल्यानंतर वीसच्या वीस टाके परत चढवणे नवशिक्याला रडू आणते, हे मी अनुभवाने सांगतो.

मग प्रत्येकाने क्रोशेच का घेऊ नये, या माझ्या उतावीळ निष्कर्षावर तुम्ही दोरीवर वाळणारा बनियन ओढून दाखवलात आणि त्याचे कापड जवळून पाहायला सांगितलेत. समोरून सुलट, मागून उलट, बारीक टाक्यांच्या रांगा, म्हणजे दोन सुयांचीच वीण. आणि म्हणूनच ते ताणते आणि परत जागेवर येते. ही मास्तरकीची खोड म्हणा, पण घरी गेल्यावर मी वाचून काढले की मोजे विणण्याचे पहिले यंत्र इंग्लंडमध्ये विल्यम ली यांनी १५८९ मध्ये केले, आणि आजचे बनियन, टी-शर्ट हे त्याच जातीच्या विणीचे आहेत. क्रोशाची वीण मात्र आजही हातानेच होते. ती जाड आणि ठाम असते, तेवढ्याच मापाला लोकर जास्त खाते, पण उभी राहते, आकार धरते. अंगाला बिलगायचे ते सुयांवर करावे आणि आकार धरायचा ते क्रोशाने, हा भेद मला त्या बनियनने शिकवला.

शेवटी तुम्ही विचारलेत की थंडीला अजून पाच महिने आहेत, गणपतीला तीनच, तर आधी काय लागणार? असा विचार मला सुचला नसता. आपल्या हवेत लोकर मांडीवर घेतली की तळव्यांना घाम फुटतो आणि टाके सुईवर सरकत नाहीत. सुती दोऱ्याला ही अडचण फारशी येत नाही. म्हणून मी क्रोशाने सुरुवात केली, पांढऱ्या सुती दोऱ्याने, साखळी (एकात एक ओवलेले फास) आणि खांब (उंच टाका) एवढ्याच भांडवलावर, आणि चतुर्थीला देवघराच्या दारावर तोरण लागले. त्याची डावी बाजू उजवीपेक्षा चार बोटे आखूड आहे. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांपैकी कोणालाही ते दिसले नाही. तुम्हाला दिसले, आणि तुम्ही काही बोलला नाहीत, याबद्दलही आभार.

टोपड्याची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे, कारण ती चूक कोणीही करील. सूनबाईने पाठवलेल्या इंग्रजी कागदावर ‘डबल क्रोशे’ असे लिहिले होते आणि मी इमानाने खांब घालत गेलो. मधून सहा टाक्यांनी सुरू करून दर फेरीला सहा वाढवायचे होते. चौथ्या फेरीला टोपड्याऐवजी तोंड आवळलेली पिशवी तयार होऊ लागली. सोललेल्या नारळावर घालून पाहिले, तर नारळाची शेंडी तेवढी झाकली गेली. तुम्ही कागद वाचून सांगितलेत की तो ब्रिटिश पद्धतीचा आहे. ब्रिटिश लोक ज्याला डबल म्हणतात तो आपला मुका खांब, म्हणजे बुटका टाका, आणि अमेरिकन डबल म्हणजे आपला खांब. खांबाची उंची जास्त, तेव्हा गोल सपाट राहायला फेरीला सहा टाके वाढवून भागत नाही, बाराच्या आसपास लागतात. आपल्याकडची नावे कशी सरळ आहेत, खांब म्हणजे खांब, पण ती छापील कागदावर येत नाहीत, ही माझी तक्रार आहे.

सुयांच्या नंबरांनीही मला असेच फसवले होते. बारा म्हणजे मोठी असे समजून मी दापोलीच्या बाजारातून ती जोडी आणली, आणि ती पावणेतीन मिलिमीटरची, उदबत्तीच्या काडीसारखी निघाली. नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. नवशिक्याला आठ नंबर, म्हणजे चार मिलिमीटर, बरा, हे तुम्ही तुमची स्वतःची जोडी देऊन सांगितलेत. त्या जोडीला माझ्याकडे श्रावणात गंज चढला. मी ती घासून लख्ख केली आहे, तरी एका सुईच्या टोकाशी डाग राहिला आहे, तो आधीच कबूल करतो.

टोपडे मार्गशीर्षात निफाडला पोहोचले आणि वापरून आता लहानही झाले. स्वेटरची पाठ सुयांवर पुरी झाली आहे, पुढचा भाग अर्ध्यावर आहे, आणि या खेपेला सुटलेले तीन टाके मी क्रोशाच्या सुईने स्वतः वर आणले. बाहीपाशी टाके कमी कसे करायचे तेथे मात्र अडलो आहे. रविवारी सकाळी भाकऱ्या आटोपल्यावर येतो, सुया आणि चष्मा घेऊन; लोकर आता छत्रीत लपवणार नाही.

आपला नम्र,
गडग्यापलीकडचा मास्तर