सत्तर किलोची बॅग

प्रिय बाळ्या,

सप्रेम नमस्कार.

कादंबरीचा खर्डा एका बैठकीत वाचून काढला. पाचही गडी झकास उतरलेत, आणि मस्जिद बंदरच्या वखारीतली ती रात्र तर सुरेखच. पण माल हाती लागला की कथेतला जोर ओसरतो. सोन्याची सहाशे बिस्किटं एका चामडी बॅगेत कोंबून तुझा नायक तीन मजले उतरतो आणि धावती ट्राम पकडतो. हे होणं नाही.

हिशेब मांड. तस्करीतलं बिस्किट दहा तोळ्यांचं, म्हणजे 116.64 ग्रॅम. सहाशेचे झाले सत्तर किलो. जागा मात्र साडेतीन लिटरच्या जरा वर, कारण सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड. म्हणजे बॅग वरून रिकामीच वाटेल, आणि उचलायला गेलं की मूठ उपटून हातात येईल. हाच प्रसंग लिही ना! अंधारा जिना, तुटलेली मूठ, आणि पायरीवर पडलेल्या बॅगेचा तो बद्द आवाज.

माल अंगावरून न्यायचा तर जाकीट हवं. शर्टाखाली घालायचं, शंभर कप्प्यांचं, एका कप्प्यात एक बिस्किट. दोन एकत्र ठेवली की आपटून वाजतात. भरलेलं जाकीट 11.66 किलोचं. ते घातलेला माणूस वाकत नाही, बाकावरून उठताना आधी हात टेकतो, आणि घामाने ओलं झालेलं कापड खांद्यावर काचतं. धक्क्यावरून पाय घसरून पाण्यात पडला तर वर येत नाही. आता बघ, सहाशे बिस्किटांना जाकिटं लागतात सहा आणि तुझी माणसं आहेत पाच. सहावं कोण घालणार, की बाहेरचा माणूस घ्यायचा? तू भांडण पोरीवरून लावलंयस. मला हे सहावं जाकीट जास्त पटतं.

बिस्किटावर शिक्का असतो, म्हणून विकण्याआधी वितळवणं आलं. सोनं 1064 अंश सेल्सियसला वितळतं. मूस, टाकणखार, कोळसा आणि भाता एवढ्यावर भागतं, पण एका छोट्या मुशीत सत्तर किलो मावत नाही. घाण्यामागून घाणे काढावे लागतील, आणि झवेरी बाजाराच्या आसपासच्या माडीवर रात्रभर भाता चालला तर शेजारपाजारी विचारणारच. तू हे एका वाक्यात उरकलंयस. निदान दोन पानं दे.

पैशाकडे वळू. 1958 साली तोळ्याला शंभर ते सव्वाशे धर, म्हणजे सहा लाखांच्या वर. हजाराची नोट 1946 साली बाद झाली होती, ती 1954 मध्ये पुन्हा आली. म्हणजे तुझ्या साली ती आहे, पण चाळीतल्या माणसाने ती मोडायला काढली की सगळा बाजार त्याच्याकडे बघेल. दहाच्या नोटा घेतल्या तर सहा लाखांची सहाशे बंडलं होतात. सोन्याच्या ओझ्यातून सुटले ते कागदाच्या ओझ्यात अडकले!

माझं ऐकशील तर कथा 1959 च्या पूर्वार्धात सरकव. तोवर आखातात आपलाच रुपया चालायचा. सोन्याची किंमत आपल्या नोटांत गलबतावरून जायची, त्या नोटा तिथल्या बँकांमार्फत रिझर्व्ह बँकेकडे परत यायच्या आणि सरकारला बदल्यात पौंड मोजावे लागायचे. ही गळती थांबवायला 1959 साली कायदा झाला आणि आखातासाठी वेगळ्या रंगाच्या, झेड अक्षराच्या क्रमांकाच्या नोटा निघाल्या. तुझ्या टोळीची जुन्या नोटांची पेटी नेमकी त्याच दिवसांत समुद्रावर असेल तर? पोलिसांची गाठ न पडताही डाव फसतो, आणि तोही पूर्णपणे खऱ्या कारणाने.

बाकी किरकोळ. टॅक्सीला 'पद्मिनी' म्हणू नकोस, ते नाव सत्तरच्या दशकातलं. तेव्हा नुसती फियाट. नवे पैसे 1 एप्रिल 1957 पासूनचे, पण तोंडात आणेच राहू देत. वरळी मटका 1962 चा, त्याआधी आकडा न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लागायचा. परगावी फोन म्हणजे ट्रंक कॉल, मध्ये ऑपरेटर, त्यामुळे 'माल निघाला' असं उघड कुणी बोलणार नाही. आणि पणजीला जाऊन येणं म्हणजे परक्या मुलखाची सरहद्द ओलांडणं. 19 डिसेंबर 1961 पर्यंत तिथे पोर्तुगीज अंमल होता.

बॅगेचं प्रकरण आधी लिही आणि तेवढंच पाठव. पुढचं त्यावर ठरवू. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
अण्णा