ओव्हरड्राइव्हही जीपइतकाच जुना आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण जुन्या वाहनांच्या फेरीची छायाचित्रं छापलीत. त्यातल्या हिरव्या जीपखाली ‘दुसऱ्या महायुद्धातील दुर्मिळ जीप’ असा मजकूर आहे. जीप दुर्मिळ आहे, पण महायुद्धातली नाही. पुढची जाळी मोजा. सात खाचा आहेत. लष्करी विलीज एमबी आणि फोर्डच्या जीपला पत्र्यात ठोकलेल्या नऊ असायच्या, हेडलाइट लहान आणि जाळीच्या आत असायचे. शिवाय हिला मागे उघडणारं फळकूट आहे, ते लष्करी जीपला नसायचं. आणि बॉनेट एवढं उंच, की समोरून पाहिलं तर कुणीतरी जीपच्या डोक्यावर फेटा चढवलाय असं वाटतं. ही विलीजची सीजे-३बी, आणि आपल्या फोटोतली तर अमेरिकेतलीही नव्हे, मुंबईत महिंद्रानं जोडलेली.

मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात क्रँक ग्राइंडिंग आणि बोअरिंगचं दुकान चालवायचो, आता मुलगा बघतो. या जीपचं इंजिन आमच्याच मशीनवर चढलेलं आहे, त्यामुळे तिच्याबद्दल लिहायचा थोडा हक्क मला आहे असं समजतो. पण फोटोखालची चूक हे या पत्राचं कारण नाही. बातमीच्या शेवटी आपण लिहिलंय, की परीक्षकांनी या जीपला ‘मूळ स्वरूपात बदल केल्यामुळे’ खालचा क्रमांक दिला. ते बदल कोणते, हे बातमीत नाही. मला ते माहीत आहेत: पुढच्या चाकांचे मोकळे करता येणारे हब, सडकेवर इंजिनच्या फेऱ्या कमी करणारा ओव्हरड्राइव्ह आणि इंजिनच्या हेडमधला थोडा फरक. आणि मुद्दा एका फेरीतल्या गुणांपुरता नाही.

आधी उंच बॉनेटचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. महायुद्धातल्या जीपचं इंजिन साइड व्हॉल्व्हचं, म्हणजे सगळे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला ब्लॉकमध्ये असलेलं, ६० अश्वशक्तीचं. विलीजचे मुख्य इंजिनिअर डेल्मर रूस यांनी त्याच २,१९९ सीसीच्या ब्लॉकवर नवं हेड बसवलं. इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच ठेवले. याला एफ-हेड म्हणतात, कंपनीनं नाव ठेवलं हरिकेन. ताकद ७० च्या पुढे गेली, पण इंजिनची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. लष्करासाठी कंपनीनं नवी गोल मडगार्डची बॉडी काढली. शेतकऱ्यासाठी एवढा खर्च कोण करणार? १९५३ मध्ये जुन्याच बॉडीवर उंच बॉनेट चढवलं आणि ३बी बाजारात आणली. अमेरिकेत ती १९६८ मध्ये बंद झाली. जपानमध्ये मित्सुबिशीनं आणि आपल्याकडे महिंद्रानं तो साचा त्यानंतरही कितीतरी वर्षं चालवला. दिसायला ती मूळ जीपपेक्षा कुरूप आहे हे माझंही मत आहे. पण घाटात कुणी देखणेपण बघत नाही.

आता, एवढ्या जीपा महाराष्ट्रात धावल्या, तर दुर्मिळ कशी? कारण डिझेल. १९७३ नंतर पेट्रोलचे भाव भडकले आणि हरिकेन इंजिन पेट्रोल पितं कसं ते घाटात चढताना काट्याकडे बघून कळायचं. वडाप, म्हणजे माणशी भाडं घेऊन जीप चालवणाऱ्याला ते परवडणारं नव्हतं. मग कुणी ट्रॅक्टरचं, कुणी मॅटाडोरचं इंजिन बसवून घेतलं. माउंटिंग कापायची, बेल हाउसिंगला ॲडॅप्टर प्लेट करायची, रेडिएटर पुढे सरकवायचा. आमच्या उद्यमनगरानं ही कामं वर्षानुवर्षं केली, आमच्या दुकानानंही केली, त्यावर अनेकांची घरं उभी राहिली. निघालेलं पेट्रोल इंजिन कोपऱ्यात पडून राहायचं आणि एक दिवस फाउंड्रीच्या भट्टीत जायचं. म्हणून आज पेट्रोल इंजिनासकट, चासीवर कापाकापी न झालेली ३बी दिसली की आम्ही जुनी माणसं थांबून बघतो.

आपल्या फोटोतली जीप गगनबावड्याकडच्या एका बागायतदारांच्या घरची. साठच्या दशकात त्यांच्या वडिलांनी घेतली. नंबर अजून जुन्या तीन अक्षरी मालिकेतला आहे. कोल्हापूरला यायला पन्नासेक किलोमीटर, आणि दुसऱ्या बाजूला करूळ घाट उतरून वैभववाडी. आता ही जीप बनलीय शेतासाठी. गियर तीनच. मागच्या ॲक्सलचं प्रमाण ५.३८, म्हणजे चाकाच्या एका फेरीला, ॲक्सलपर्यंत शक्ती नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या पाचपेक्षा जास्त फेऱ्या. लो रेंजमध्ये पहिला गियर टाकला की ती चिखलातून माणसाच्या चालीनं, पण न थांबता वर जाते. सपाट सडकेवर मात्र हेच प्रमाण छळतं. ताशी सत्तरला इंजिन मिनिटाला २८०० च्या आसपास फिरत असतं, आणि या इंजिनाचा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, लांब आहे, १११ मिलिमीटर. एवढ्या लांब स्ट्रोकच्या इंजिनाला तासन्‌तास तशा फेऱ्यांवर पळवलं की बेअरिंग आमच्याकडे येतात. आमचा धंदा त्यावरच चालायचा, तक्रार नाही.

त्यावर उपाय अमेरिकेत त्याच काळात निघालेला होता. आर्थर वॉर्न यांनी १९४८ मध्ये युद्धानंतर उरलेल्या जीपांसाठी लॉकिंग हब बनवायला सुरुवात केली. पुढच्या चाकांचे हब हातानं फिरवून मोकळे करायचे, म्हणजे सडकेवर चाकांबरोबर पुढचे शाफ्ट, डिफरन्शियल, प्रोपेलर शाफ्ट हे सगळं उगाच फिरत नाही. पेट्रोल वाचतं, स्टीअरिंग हलकं होतं. पुढे त्याच कंपनीचा ओव्हरड्राइव्ह आला. या जीपच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना शक्ती वाटून देणाऱ्या गियरच्या पेटीला, मागच्या बाजूला एक झाकण असतं. शेतीची यंत्रं चालवायला तिथून शक्ती काढून घ्यायची सोय. ओव्हरड्राइव्ह तिथंच बसतो. झाकण काढायचं, आतलं एक गियर बाहेर घ्यायचं, त्या जागी हा डबा सरकवून बोल्ट आवळायचे. इंजिनच्या फेऱ्या पाव हिश्शानं कमी. सत्तरला २८०० होत्या त्या २१०० वर येतात. शिवाय तो प्रत्येक गियरमध्ये टाकता येतो, म्हणजे तीनाचे सहा गियर झाले. घाटात दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधला एक गियर हवाहवासा वाटतो, तो असा मिळतो.

या घरी हब आणि ओव्हरड्राइव्ह आले ते बोटीवर नोकरीला असलेल्या एका पाहुण्याच्या पेटीतून. त्या काळी परवान्याशिवाय परदेशी भाग आणणं किती अवघड होतं ते तरुण वाचकांना सांगून पटणार नाही. ओव्हरड्राइव्ह बसवल्यामुळे यंत्र चालवायची जागा गेली. तोवर विहिरीवरचा पंप जीपवर चालायचा, तो बंद झाला. थोरल्या मालकांच्या आई त्यावरून बरेच दिवस बोलत होत्या, असं घरचे सांगतात. पुढे त्यातला बुश झिजला, तो आम्ही गनमेटलमध्ये टर्न करून दिला.

तिसरा बदल हेडचा. कंपनीनं या इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, ६.९ ठेवलं होतं, त्या वेळच्या हलक्या पेट्रोलला सोसेल असं. उंच डोंगराळ भागासाठी मात्र विलीज ७.४ चं हेडही देत असे. ते इथं कुठून मिळणार? म्हणून हेडला फेसिंगचा पातळ कट मारून, म्हणजे खालची बाजू किंचित तासून, तिथवर नेलं. चढावर फरक कळतो. बोलावं तितका मोठा नाही, पण कळतो.

परीक्षकांनी ज्याला बदल म्हटलं ते हे तीन. मालक म्हणतात, एका परीक्षकानं त्यांना सरळ सांगितलं की हब आणि ओव्हरड्राइव्ह उतरवा, मग पुढच्या वर्षी बघू. फेरीतल्या चषकाचं काय एवढं. पण हाच निकष आता कायद्यातही आहे. केंद्रानं जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती केली. ५० वर्षांपेक्षा जुनं, मूळ स्वरूपात जपलेलं, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेलं खासगी वाहन ‘व्हिंटेज’ ठरतं. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नूतनीकरणाला पाच हजार. रोजच्या वापराला आणि धंद्याला बंदी. प्रदर्शन, फेरी, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कामांसाठीच रस्त्यावर आणायची. नियम व्हायला हवाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न ‘मूळ स्वरूप’ म्हणजे काय हा आहे.

कारखान्यातून गाडी निघाली त्या दिवसाचं स्वरूप, असं म्हणायचं असेल तर माझ्या धंद्यातला माणूस हसेल. साठ वर्षं धावलेलं इंजिन एकदाही बोअर झालं नाही, म्हणजे झिजलेले सिलिंडर कधी कापून थोडे मोठे केले नाहीत, असं कुणी सांगितलं, तर ती गाडी धावलेली नसते किंवा सांगणारा विकायला बसलेला असतो. दहा, वीस, तीस, चाळीस थाऊ (इंचाचा हजारावा भाग) असे मोठे पिस्टन निघायचे ते याचसाठी. मग चाळीस थाऊ बोअर झालेलं इंजिन मूळ की बदललेलं? कंपनी स्वतः दोन कॉम्प्रेशनची हेड देत होती, त्यातलं मूळ कुठलं? आणि आता पंपावर मिळणारं वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल घ्या. इथेनॉल आमच्याच जिल्ह्यातल्या उसाचं, त्याच्याशी माझं वैर नाही. पण इंजिनावरच्या पेट्रोल पंपातला जुना रबरी पडदा, डायफ्रॅम, ते सोसत नाही, तो बदलावाच लागतो. हाही फेरबदल समजायचा का?

माझं म्हणणं एवढंच, की बदलाबदलांत फरक करा. चासी कापून डिझेल इंजिन घातलेली जीप ही वेगळी गाडी झाली. तिला व्हिंटेज म्हणू नका, हे उद्यमनगरातला माणूस सांगतोय. हल्ली जुन्या बॉडीवर नवे ॲक्सल, नवं गियरबॉक्स, रुंद टायर घालून ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवणारी पोरं आहेत, त्यांनाही त्या रांगेत उभं करू नका. पण जो भाग गाडीच्याच काळात, त्याच मॉडेलसाठी बनला, बोल्टनं बसतो, बोल्टनं निघतो आणि ज्यासाठी चासीला आरी लागत नाही, त्याला बदल म्हणू नये. ओव्हरड्राइव्हच्या लिव्हरसाठी फ्लोअरला एक भोक आहे, तेवढं मान्य. निघालेलं गियर आणि ते झाकण त्या घरात तेलाच्या फडक्यात बांधून ठेवलेलं आहे. हब आणि ओव्हरड्राइव्हपुरती तरी जीप एका दुपारच्या कामात होती तशी करता येईल.

आणि करायची कशाला? ही जीप कशी वापरली गेली, हे त्या दोन भागांतून जेवढं कळतं तेवढं नव्या रंगातून कळत नाही. बागायतदाराला आठवड्याला माल आणि माणसं घेऊन शहर गाठायचं होतं, म्हणून त्यानं पंप सोडला आणि वेग घेतला. हे भाग उतरवले की मागे उरते ती प्रदर्शनातली जीप, गगनबावड्याची नव्हे.

परिवहन खात्याला एक काम करता येण्यासारखं आहे. त्या त्या मॉडेलसाठी त्या काळी मिळणाऱ्या जोड भागांची यादी करावी. जुने कॅटलॉग, वर्कशॉप मॅन्युअल, सुट्या भागांची पुस्तकं अजून गॅरेजवाल्यांच्या कपाटात आहेत, आणखी दहा वर्षांनी नसतील. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातात अशी यादी असली तर त्याला अंदाजानं शेरा मारावा लागणार नाही, आणि मालकालाही आज्याचा भाग काढून भंगारात टाकावा लागणार नाही. फेऱ्या भरवणाऱ्या मंडळींनी तर हे नियमाची वाट न बघता उद्यापासून करावं. गुणपत्रिकेत ‘काळाशी सुसंगत जोड’ असा एक रकाना वाढवायला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्याकडे ३बीच्या सुट्या भागांचं पुस्तक आहे. ज्यांना हवं त्यांनी सकाळी दुकानात येऊन फोटो काढून न्यावेत, पुस्तक मात्र बाहेर देत नाही.

तोवर काय, म्हणून या जीपच्या मालकांनी मला विचारलं. मी त्यांना सांगितलं की व्हिंटेजच्या नादी सध्या लागू नका. जुन्या नंबरावरच पासिंग करून घ्या, पर्यावरण कर भरा, आणि गाडी वापरा. या पावसाळ्यात करूळ घाटात दरड नसली तर ते वैभववाडीला जाणार आहेत, ओव्हरड्राइव्ह टाकून.

आपला,
एक जुना वाचक, निवृत्त क्रँक ग्राइंडर
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर