ताकद कामाला येत नाही तिथं कळतं

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

मध्यंतरी तुमच्या पुरवणीत मुलं आणि व्हिडिओ गेम यावर एक मोठा लेख आला होता. त्याचा एकंदर सूर असा की गेममधला पुरुष म्हणजे दंड, बंदूक आणि डोक्यात राग, यापलीकडे त्याच्यात काही नसतं आणि असणारही नाही. आता हे निम्मं खरंच आहे, मी स्वतः शाळेत असल्यापासून गेम खेळतोय, आधी सायबर कॅफेत तासाच्या भावावर आणि आता पोरं झोपली की घरी आवाज बारीक करून, त्यामुळे बिनडोक हिरो मी पोत्यानं बघितलेत. पण उरलेलं निम्मं तुमच्या लेखातनं राहून गेलं आणि माझ्या मते तेच जास्त इंटरेस्टिंग आहे, म्हणून हा पत्रप्रपंच. आणि हो, खाली तीनचार गेमच्या स्टोऱ्या फुटणार आहेत, ज्यांना खेळायच्यात त्यांनी पुढचं वाचू नका, नंतर शिव्या घालू नका.

मुद्दा साधा आहे. गेममध्ये ताकद फुकट मिळते. कंट्रोलरवरचं चौकोनाचं बटण दाबलं की तलवार चालते, आर-टूचं दाबलं की गोळी सुटते, समोरचा पडतो. सिनेमात हिरो दहा जणांना लोळवतो तेव्हा निदान शिट्टी तरी पडते, गेममध्ये ते दर पाच मिनिटाला आपणच करतो, त्याचं कौतुक कुणाला? म्हणून पुरुष कॅरेक्टर चांगलं लिहिलंय का नाही हे त्याची ताकद बघून कळतच नाही. ते कळतं ती ताकद जिथं कामाला येत नाही तिथं लेखकाने त्याला नेऊन उभं केलंय का, आणि तिथं तो काय करतो, यावरनं.

माझ्या दृष्टीनं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे रेड डेड रिडेम्प्शन २ मधला आर्थर मॉर्गन. गेम २०१८ ची, कंपनी रॉकस्टार, गोष्ट घडते १८९९ साली अमेरिकेत, दरोडेखोरांच्या टोळ्यांचा जमाना संपत आलाय तेव्हा. आर्थर अशाच एका टोळीतला, डच नावाच्या म्होरक्याने लहानपणापासून वाढवलेला, धिप्पाड, कमी बोलणारा. टोळीत स्ट्रॉस म्हणून एक सावकार आहे, तो गरिबांना व्याजानं पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला धाडतो. त्यातला एक कर्जदार थॉमस डाउन्स, छोटा शेतकरी, सतत खोकणारा. गंमत अशी की हा माणूस आपल्याला आधी भेटलेला असतो. व्हॅलेंटाइन गावात चिखलात आर्थर एका पहिलवानाला मरेस्तोवर मारत असतो तेव्हा मध्ये पडून थांबवणारा हाच. नंतर गावात दानधर्मासाठी पैसे गोळा करत फिरणाराही हाच. आणि त्याच्याच शेतात जाऊन त्याला कुंपणावर आपटून मारायचं मिशन आपल्या वाट्याला येतं.

हे मिशन टाळता येत नाही हो. स्टोरी पुढं न्यायची तर करावंच लागतं, आणि बटण आपण दाबायचं असतं. माझा भाचा शेजारी बसून बघत होता, त्याने विचारलं, "मामा, हा हिरो आहे ना? मग हा का मारतोय त्याला?" मी म्हणलं बघ पुढं. पुढं काय, डाउन्स आर्थरच्या तोंडावर खोकतो, रक्ताचे थेंब उडतात, आर्थर तोंड पुसतो, बायको आणि पोरगा बाहेर पळत येतात, झालं, मिशन संपलं. खेळणारा विसरून पण जातो. मग मध्ये कितीतरी तास शिकार करा, ट्रेन लुटा, मासे पकडा चालू असतं आणि हळूहळू आर्थरला खोकला लागतो. सेंट डेनिस शहरात भररस्त्यात तो कोसळतो, कुणीतरी उचलून डॉक्टरकडे नेतं, आणि कळतं की टीबी आहे.

तो काळ जरा ध्यानात घ्या. टीबीचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ ला शोधून काढला होता, म्हणजे रोग कशाने होतो ते डॉक्टरला माहीत आहे, पण औषध यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. आपल्या आनंदीबाई जोशी १८८७ ला पुण्यात गेल्या त्या याच रोगानं, स्वतः डॉक्टर असून. तर तो डॉक्टर आर्थरला सांगून सांगून काय सांगणार, कोरड्या गरम हवेच्या जागी जा आणि विश्रांती घे. संपलं. आता इथं आर्थरच्या पिस्तुलाचा काय उपयोग? इतके तास आपण त्याला जो तयार केलाय, चांगल्या बंदुका, चांगला घोडा, सगळं तसंच आहे, पण त्याच्या छातीत जे बसलंय त्याला गोळी घालता येत नाही. आणि गेम नुसतं कटसीन, म्हणजे मधला सिनेमासारखा तुकडा, दाखवून मोकळी होत नाही, गडी वाळायला लागतो, गाल बसतात, डोळे लाल होतात, कितीही खायला घाला वजन काही वाढत नाही. शिवाय ते त्याला लागलं कुठनं तर तुंबळ मारामारीत नाही, एका गरिबाकडनं चिल्लर वसूल करताना, आणि ते आपण केलेलं आहे. असं लिखाण कादंबरीत जमणार नाही, सिनेमात तर नाहीच, कारण तिथं वाचणाऱ्याचा हात त्यात नसतो.

आणि मग तो काय करतो? मला हे आवडतं की तो एकदम संत होत नाही. आधी चिडतो, टाळतो, कामं करत राहतो. पुढे स्ट्रॉसला कॅम्पातनं हाकलून देतो. डाउन्सची बायको एडिथ, नवरा मेल्यावर धंद्याला लागलेली, आणि पोरगा खाणीत, त्यांना तो पैसे द्यायला जातो तर ती त्याच्यावर थुंकायच्या बेतात असते, आणि बरोबरच आहे तिचं! माफी मिळत नाही त्याला, मिळायची अपेक्षा पण लेखकांनी ठेवलेली नाही. आपण चांगलं वागलेलो असलो तर एका रेल्वे स्टेशनवर एक नन भेटते, तिच्याजवळ तो कबूल करतो की मला भीती वाटते. ओरडत नाही, रडारड नाही, बाकावर बसून बोलतो दोन वाक्यं. आवाज दिलाय रॉजर क्लार्कने, त्याला त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये अभिनयाचं बक्षीस मिळालं, आणि ज्यांना वाटतं की गेममध्ये अभिनय नसतो त्यांनी निदान तेवढा सीन बघावा.

आर्थरच्या मुलाची गोष्ट तर किती जणांच्या लक्षात पण येत नाही. आर्थरला एक मुलगा होता, आयझॅक. ही गोष्ट येते कधी तर रेन्स फॉल नावाच्या आदिवासी प्रमुखाबरोबर तो घोड्यावरनं जात असतो तेव्हा बोलता बोलता. अधनंमधनं भेटायला जायचा, एकदा गेला तर घराबाहेर दोन क्रॉस, आई आणि मुलगा दोघंही गेलेले, दरोडेखोरांनी दहा डॉलरसाठी मारलेलं. बास. फ्लॅशबॅक नाही, पाऊस नाही, व्हायोलिन नाही. आता याच्या शेजारी ती जुनी फॉर्म्युला स्टोरी ठेवा, पहिल्या सीनला बायको-पोरगी मारायची आणि मग हिरोला पुढचे पंधरा तास लोकांना मारायचं लायसन. मॅक्स पेन २००१ पासून हेच चाललंय. तिथं बायकोला स्वतःचं असं काहीच नसतं, ती फक्त नवऱ्याला राग यावा म्हणून मरते. पुरुष कॅरेक्टर बिघडायची अर्धी कारणं ही आजूबाजूच्या बाईमाणसांना पुठ्ठ्याचं करून ठेवण्यात असतात असं माझं मत झालंय.

गॉड ऑफ वॉरचा क्रेटॉस घ्या. २००५ पासूनच्या जुन्या भागांतला क्रेटॉस म्हणजे तुमच्या लेखातला पुरुष तंतोतंत, किंचाळणारा, देवांची मुंडकी उपटणारा. तोच माणूस २०१८ ला परत आणला, दाढी पिकायला लागलेली, दुसरी बायको नुकतीच वारलेली, आणि पदरात एक पोरगा, अत्रेयस. सुरुवातीलाच दोघं हरणाच्या शिकारीला जातात, पोराचा हात सुरी धरून थरथरतो, बाप त्याच्या हातावर हात ठेवून सुरी आत ढकलतो. नंतर पोरगा तिथंच बसून राहतो आणि क्रेटॉसचा हात त्याच्या पाठीपर्यंत जातो... आणि परत मागे येतो. ठेवत नाही. देवांना फाडणारा माणूस आणि पोराच्या पाठीवर हात ठेवायला जमेना! आपल्याकडच्या कितीतरी वडिलांना बघून हा सीन लिहिलाय की काय असं वाटावं, माझे वडील पण असेच, मार्कशीट बघून "ठीक आहे" म्हणायचे आणि बाहेर जाऊन चारचौघात पेढे वाटायचे.

हल्ली एक फॅशन आलीय की हिरोला रडवलं की तो खोल झाला. तसं काही नसतं. अश्रू पण बटण दाबून काढता येतात. मला विचाराल तर द विचर ३ मधला ब्लडी बॅरन हा रडतो पण आणि पितो पण, आणि तरी त्याला कुणी सोडत नाही. गेममधल्या वेलेन मुलखातला गढीवाला जहागीरदार, फिलिप स्ट्रेंजर, हसरा, गप्पिष्ट, बायको आणि मुलगी हरवलीत म्हणून गेराल्टला, म्हणजे आपण ज्याला खेळवतो त्या तलवारबाजाला, शोधायला लावतो. हळूहळू कळतं की त्या हरवल्या नाहीत, पळून गेल्यात, कारण हा दारू पिऊन मारायचा, आणि त्यात बायकोचा गर्भ पडला. तो गर्भ नीट न पुरल्यामुळे भूत झालाय, आणि त्याला शांत करायचं तर बॅरनने स्वतः त्याला हातात धरून रात्री गढीच्या उंबऱ्यापर्यंत न्यायचं, नाव ठेवायचं आणि पुरायचं. तो चालत असतो, ते पोर हातात वळवळत असतं, गेराल्ट शेजारी. हा भाग खेळून झाल्यावर मी बराच वेळ कंट्रोलर खाली ठेवून बसलो होतो. त्या माणसाची दया येते आणि रागही जात नाही, दोन्ही एकदम. मारकुट्या नवऱ्याचं असं चित्र, माफ न करता आणि राक्षस पण न करता, पोलंडच्या गेमवाल्यांनी २०१५ ला काढलं. आपल्या टीव्ही सिरियलवाल्यांना दाखवा कुणीतरी.

त्याच गेममध्ये गेराल्ट हा सिरीचा मानलेला बाप. तिचं मन खचलेलं असतं तेव्हा तुम्ही तिला समजुतीच्या गोष्टी सांगून दारू पाजू शकता नाहीतर बाहेर नेऊन बर्फाचे गोळे फेकून खेळू शकता. जादूगार बायकांच्या बैठकीला ती निघाली तर तिच्याबरोबर आत घुसायचं का तिला एकटीला जाऊ द्यायचं, हे पण तुमच्यावर. गेम हे सगळं गुपचूप मोजत असते आणि शेवटी सिरी जगते का नाही ते त्यावर ठरतं. म्हणजे सगळ्यात चांगला शेवट हवा असेल तर सगळ्यात तगड्या तलवारबाजाने पोरीच्या मागे मागे करायचं सोडायला लागतं.

याच्या बरोबर उलटा जोएल, द लास्ट ऑफ अस, २०१३. तो सोडूच शकत नाही. एलीला, त्याला लेकीसारख्या झालेल्या पोरीला, वाचवायला अख्खं हॉस्पिटल झोपवतो, सर्जनसकट, आणि मग तिच्याशी खोटं बोलतो. दुसऱ्या भागात, २०२० ला, त्याच सर्जनच्या मुलीने जोएलला मारलं तर जगभरची पोरं खवळली, आमच्या हिरोला असं कुत्र्यासारखं मारलं म्हणून. मला उलट वाटलं, जोएलला झेंड्यात गुंडाळून मोठं मरण दिलं असतं तर पहिल्या गेमच्या शेवटावर पाणी पडलं असतं. यावर माझं आणि माझ्या मित्राचं अजून भांडण आहे, तो म्हणतो तुला काही कळत नाही.

आणि असं समजू नका की चांगला पुरुष म्हणजे कायम तुटलेला, खोकणारा, पोर गमावलेला. डिस्को एलिसियम, २०१९ ची, एस्टोनियाच्या लोकांची. त्यात आपण एक दारुडा डिटेक्टिव्ह, सगळं विसरलेला, सुरुवातीला खोलीतला दिवा लावला तरी हार्ट अटॅक येऊन मरू शकतो, खोटं नाही सांगत. पण माझा जीव त्याच्यात नाही, त्याच्या जोडीदारात आहे, लेफ्टनंट किम कित्सुरागी. केशरी जॅकेट, वही, दिवसाला एकच सिगरेट. ना बायको मेलीय ना सूड घ्यायचाय. आपलं काम नीट करतो, आपण वेड्यासारखं वागलो तर भुवई वर करतो, आणि वेळ आली की पाठीशी उभा राहतो. मारामारी जवळपास नाहीच त्या गेममध्ये. तरी किमला आपल्याबद्दल काय वाटेल या भीतीनं मी कितीतरी चाळे करायचे टाळले, जे मी इतर गेममध्ये बिनधास्त करतो.

आता आपल्याकडचं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० ला राजी नावाची गेम काढली, मुलगी हिरो, दिसायला अप्रतिम, अभिमान वाटतो. पण तिचा भाऊ गोलू बघा. राक्षस त्याला पळवतो आणि राजी त्याला शोधत फिरते, एवढंच त्याचं काम. जी तक्रार आपण परदेशी गेममधल्या बायकांबद्दल करतो तीच इथं गोलूबद्दल करावी लागते, पोराला स्वतःचं काही दिलेलंच नाही. छोट्या टीमची पहिली गेम आहे, मान्य, पण पुढच्या वेळी एखादा भाऊ, बाप, आजोबा जरा बसून लिहा एवढी विनंती.

विनंती तुम्हालाही आहे. शुक्रवारी लागलेल्या टुकार सिनेमाला तुम्ही अर्धं पान देता, स्टार पण देता. महिन्यातनं एकदा एखाद्या गेमवर तसंच लिहा, ग्राफिक्स किती भारी आणि किती जीबीची यावर नको, माणसं कशी लिहिलीत यावर. लिहिणारा खेळलेला असावा, नुसता ट्रेलर बघितलेला नको. आणि मुलांनी काय खेळावं यावरचा पुढचा लेख छापाल तेव्हा वयाची अट पण छापा, कारण वर सांगितलेल्या बहुतेक गेम अठरा वर्षांपुढच्यांसाठी आहेत, माझ्या भाच्याला मी ते बघायला बसवलं म्हणून ताईनं मला चांगलंच फैलावर घेतलंय.

आपला,
एक नियमित वाचक,
सातारा