आधी पान उलटं करून बघ

प्रिय नंदू,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. पानांवर रोग पडला म्हणून 'डे-लिलीची सगळी फुलझाडं उपटून टाकतो' हे वाचून जीव कळवळला रे. इतक्यात कुदळ हातात घेऊ नकोस. एक पांढरा टिश्यू पेपर घे, पान उलटं कर आणि खालच्या अंगाने हलकेच पूस. कागदाला नारिंगी पूड लागली तर तो तांबेरा, म्हणजे पानांवर बारीक नारिंगी फोड आणणारा बुरशीचा रोग. पूड न लागता पानाच्या मधल्या शिरेवरून टोकाकडून खाली तपकिरी पट्टा उतरला असेल आणि त्याला पिवळी किनार असेल, तर तो करपा, हाही बुरशीचाच रोग. लांबून दोन्ही सारखेच दिसतात.

तांबेरा मी स्वतःच घरात आणला होता. नवं रोप आणलं, हिरवंगार दिसत होतं, म्हणून थेट वाफ्यात लावलं. पंधरवड्यात शेजारच्या पानांवरही तेच फोड! लागण झाल्यावर फोड दिसायला आठवडा-दोन आठवडे जातात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. आता प्रत्येक नवं रोप महिनाभर तरी कुंडीत, लांब ठेवतो.

पण तांबेऱ्याने डे-लिली सहसा मरत नाही. रोगट पानं बुडापासून चार बोटं ठेवून काप आणि पिशवीत बांधून टाकून दे, खतात नको. तांबेऱ्याचे बीजाणू, म्हणजे ती नारिंगी पूड, वाऱ्याबरोबर उडतात, पण रुजायला त्यांना पाच-सहा तास ओलं पान लागतं. म्हणून पाणी सकाळी आणि मुळाशीच दे, पानांवर नको. दाटी झालेली बेटं फोडून वारा खेळू दे. बुरशीनाशक नव्या पानांचं रक्षण करतं, पण उठलेले फोड त्याने जात नाहीत.

कळ्या वाकड्या होतात, दांड्यावर खरबरीत तपकिरी डाग पडतात असं लिहिलंयस, ते मला फुलकिड्यांचं काम वाटतं. एक कळी उकलून नीट बघ. पाकळ्यांच्या घडीत बारीक रेघेएवढे किडे पळताना दिसतील. अशा कळ्या खुडून टाक. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, मधल्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात दडतो; त्याने टाकलेल्या पांढऱ्या काती दिसल्या की समजावं. पाण्याचा जोरदार फवारा, नाहीतर साबणाचं सौम्य पाणी पुरे. उन्हाच्या तडाख्यात पानं फिकी, ठिपकेदार झाली तर लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारे अगदी बारीक कोळी. त्यावर मात्र भारी कीटकनाशक मारू नकोस. कोळ्यांना खाणारे मित्रकीटक आधी मरतात आणि कोळी दुपटीने वाढतात.

खरी भीती एकच, बुडाची कूज. पान ओढताच बुडातून निसटलं आणि घाण वास आला, तर ते बेट लगेच उकर, मऊ भाग कापून टाक आणि उरलेलं कोरडं होऊ दे. तिथे पाणी साचत असेल तर जागा बदल.

टिश्यूवर काय आलं ते लगेच कळव. तोवर एकही बेट उपटायचं नाही, शप्पथ घाल स्वतःला.

तुझाच,
बाळ्या